जत्रा संपल्यानंतरची कुस्ती

वैशाख सरता सरता आमच्याकडची शेवटची मैदाने उरकतात. हलगीवाला हलगी खुंटीला अडकवतो, मैदानाभोवती उभारलेली लाकडे वखारीत परत जातात आणि माझ्यासारख्या कुस्तीच्या नादी लागलेल्या माणसाला पुढचे चार महिने करमेनासे होते. वास्तविक या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला कामगार कायद्यांवर बोलण्याची सूचना केली होती. मी त्यांना म्हणालो की, तो विषय मी बारा महिने कारखान्याच्या फाटकावर उभा राहून बोलत असतो. वसंतात तरी मला कुस्तीवर बोलू द्या. त्यांनी उदार मनाने परवानगी दिली. तरीपण श्रोत्यांना आधीच सावध केलेले बरे. कामगार चळवळीतला माणूस कुठलाही विषय घेऊन उभा राहिला तरी हिंडून फिरून पगारपत्रकावरच येतो.

मी शाळेत सातवीपर्यंत गेलो. पुढचे शिक्षण नगरवाचनालयात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा मल्लविद्येचा इतिहास पंडितांनी सांगावा तसा माझ्याकडून होणार नाही. मी सांगणार आहे तो एका प्रेक्षकाचा विचार, आणि तोही मैदाने बंद असतानाचा.

या विचाराला सुरुवात झाली ती एका भलत्याच खेळामुळे. माझा एक पुतण्या सांगलीत शिकून अमेरिकेत नोकरीला गेला. तिकडे ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. दोन्ही बाजूंना अकरा अकरा गडी, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर गाद्या. चार खेपांत दहा यार्ड पुढे सरकायचे, न जमले तर चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली. मधल्या प्रत्येक यार्डासाठी माणूस माणसावर आदळतो. हुतुतूची झोंबाझोंबी आणि कुस्तीची ताकद एका ठिकाणी आणली तर जे होईल ते हे. धंदेवाईक संघांचे सामने सप्टेंबरात सुरू होतात आणि फेब्रुवारीत अंतिम सामना होऊन संपतात. पुढे जवळजवळ सात महिने सामना नाही. पण लोकांचे बोलणे थांबत नाही. कोण कुठल्या संघात जाईल, कोणाचा गुडघा बरा झाला, कुठला नियम बदलावा, यावर कचेरीतील माणसे जेवणाच्या सुटीत हमरीतुमरीवर येतात. पुतण्या मला म्हणाला, "नाना, इथे खेळ पाच महिने आणि चर्चा बारा महिने."

मी त्याला विचारले, "मग या सात महिन्यांत त्या गड्यांना कोण पोसतो?"

तो हसला. "नाना, तुम्हाला युनियनशिवाय दुसरे काही सुचतच नाही का?"

सुचत नाही हे खरे. परंतु प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि तो अमेरिकेवरून फिरून आमच्या तालमीपाशी येऊन थांबला.

आमच्या सातारा-सांगलीच्या मुलखात दोन हंगाम जवळजवळ जोडीने चालतात. एक उसाच्या गळिताचा, दुसरा कुस्तीचा. दिवाळीच्या आगेमागे कारखान्याचे बॉयलर पेटतात. मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, तिथून गावोगावच्या यात्रांची रांग लागते, आणि यात्रा म्हटली की मैदान आलेच. उन्हाळ्यात कारखान्याचा पट्टा पडतो; ग्रामदैवतांच्या जत्रा आणखी थोड्या पुढे जातात; मग मृगाचा पाऊस येतो आणि दोन्हीकडे सामसूम होते. नागपंचमीची एखादी किरकोळ कुस्ती सोडली तर पावसाळ्यात मैदान असे होत नाही.

आता साखर कारखान्यात दोन तऱ्हेचे कामगार असतात, कायम आणि हंगामी. पट्टा पडला की हंगामी कामगार घरी जातो. पूर्वी तो रिकाम्या हाताने जात असे. युनियनचे म्हणणे असे होते की, पुढच्या हंगामात हाच कसबी माणूस मालकाला हवा आहे ना? मग मधल्या काळात तो जिवंत राहील, दुसरीकडे जाणार नाही, याची किंमत मालकाने द्यावी. १९५७ साली साखर धंद्यासाठी केंद्रीय वेतन मंडळ नेमले गेले तेव्हापासून आणि त्याच्याही आधीपासून या मागणीचा पाठपुरावा झाला, आणि बिगर हंगामात हंगामी कामगाराला पगाराचा काही हिस्सा मिळू लागला. कागदोपत्री त्याला रिटेन्शन अलाउन्स म्हणतात. आमचे लोक नुसते 'रिटेन्शन' म्हणतात. रक्कम मोठी नसते. पण तिच्यामागचे तत्त्व मोठे आहे, आणि ते मिळवायला आमच्या आधीच्या पिढीने पुष्कळ उन्हे खाल्ली आहेत.

पैलवान हा हंगामीच कामगार. त्याचे रिटेन्शन कोण देतो?

प्रेक्षक मैदानात काय पाहतो? सलामी, खडाखडी, मग एखादा घिस्सा, एखादी ढाक, नाही तर एकेरी पट. आणि पाठ लागली की फेटे आकाशात. चटकदार कुस्ती दोन मिनिटांत संपते. इनाम त्या दोन मिनिटांचे. पोराटोरांची कुस्ती नारळावर किंवा शंभर रुपयांवर लागते, शेवटची लाखाच्या घरात जाते. अलीकडे शेवटच्या जोडीसाठी पंजाब-हरियानातून मल्ल बोलावण्याची चढाओढ आहे, तेव्हा मोठा आकडा पुष्कळदा जिल्ह्याबाहेरच जातो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. चांगला मल्ल कुठूनही यावा. मला एवढेच सांगायचे आहे की, ज्या दोन मिनिटांचे पैसे मिळतात ती दोन मिनिटे पावसाळ्यात तयार होतात.

आषाढातली तालीम कोणी पाहिली आहे? माझी श्रोत्यांना विनंती आहे की एकदा पहाटे चार वाजता जाऊन पाहा. बाहेर पाऊस कोसळत असतो. आत पोरे खोऱ्याने हौदातली माती उकरत असतात. ही माती म्हणजे नुसती रानातली माती नव्हे. लाल माती चाळून घेतात, तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर घालतात; त्यामुळे ती मऊ राहते आणि अंगाला खरचटले तर चिघळत नाही. माती उकरणे हाच पहिला व्यायाम. मग जोर, बैठका, मग लढती. वस्ताद कोपऱ्यात बसून एकच डाव शंभर वेळा करून घेतात. हंगामात हे जमत नाही, कारण हंगामात आज या गावी तर उद्या त्या गावी मैदान असते, अंग दुखत असते, नवा डाव शिकायला उसंत नसते. मोळी असो की कलाजंग, हातात बसतात ते याच चार महिन्यांत.

आणि याच चार महिन्यांत खायला लागते सर्वांत जास्त. गेल्या पावसाळ्यात एका वस्तादांबरोबर बसून मी वही-पेन्सिलने हिशेब मांडला. वाढत्या वयाच्या पैलवानाला रोजचे तीन लिटर दूध, पासष्ट रुपये दराने १९५ रुपये. शंभर ग्रॅम बदाम ८५ रुपये. शंभर ग्रॅम तूप ७० रुपये. फळे, अंडी, आठवड्याचे मटण मिळून सरासरी १०० रुपये. रोजचे ४५० झाले, महिन्याचे साडेतेरा हजार, चार महिन्यांचे ५४,०००. भाकरी-भाजी यात धरलेली नाही. ही रक्कम कोण भरतो? बाप भरतो. घरची म्हैस भरते. पुष्कळ घरांत धाकट्या बहिणीच्या वाटचे दूध भरते. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या गोठ्यांतली जनावरे गेली, तेव्हा बातमी जनावरांची आली. त्यांच्या दुधावर उभे असलेले पैलवानही त्या साली बसले, याची बातमी कुठे आली नाही. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे जत्राच बंद राहिल्या. दोन वर्षे सलग बिगर हंगाम! माझ्या ओळखीची कितीतरी पोरे त्या वेळी लंगोट खुंटीला टांगून दुसऱ्यांच्या गाड्यांवर हमालीला गेली. काही परत आली, पुष्कळ आली नाहीत.

इथे मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला मला आवडत नाही.

सुमारे बारा वर्षांपूर्वी एका गावच्या मैदानात मी पुढच्या रांगेत बसलो होतो. आमच्या एका हंगामी कामगाराचा एकवीस वर्षांचा मुलगा वरच्या जोडीत लढत होता. वीस मिनिटे झाली तरी निकाल लागेना. पंच कुस्ती बरोबरीत सोडवायच्या बेतात होते. प्रेक्षक ओरडू लागले, "निकाली करा! निकाली करा!" त्यात माझाही आवाज होता, आणि सभांची सवय असल्यामुळे माझा आवाज लांब जातो. पंचांनी कुस्ती पुढे चालू ठेवली. पाचएक मिनिटांत प्रतिस्पर्ध्याने पट काढला, मुलगा त्यातून सुटायला वळला आणि त्याचा गुडघा आतल्या आत फिरला. तो आवाज हलगीच्या गजरातही ऐकू आला.

कमिटीने ठरलेले निम्मे इनाम दिले आणि गाडीभाड्याचे पैसे दिले. त्यांच्या परीने ती माणसे वाईट वागली नाहीत. मिरजेच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. मी सवयीप्रमाणे नुकसानभरपाईचा अर्ज लिहायला बसलो. यंत्रात बोट गेलेल्या, बॉयलरपाशी भाजलेल्या माणसांचे असे किती अर्ज मी लिहिले याची गणती नाही. नाव लिहिले, वय लिहिले, अपघाताची तारीख लिहिली. 'मालकाचे नाव' या रकान्याशी येऊन पेन थांबले. १९२३ सालच्या कायद्यापासून भरपाईचा पाया एकच आहे: कामगार कोणाचा तरी असावा लागतो. हा मुलगा कोणाचा? कमिटीचा म्हणावा, तर कमिटी म्हणजे गाव. वर्गणी देणारा प्रत्येक जण, तिकिटाशिवाय बसलेला प्रत्येक जण, "निकाली करा" म्हणून ओरडणारा प्रत्येक जण त्याचा मालक. म्हणजे मीही.

अर्ज मी फाडला. त्या महिन्यात बापाच्या हाती रिटेन्शनचे पैसे आले होते, ते मुलाच्या गुडघ्याला गेले. मुलगा आज टेम्पो चालवतो. जिना चढताना कठड्याला धरतो.

आपल्या भागाला कुस्तीचा इतिहास थोर आहे, आणि त्या इतिहासातही हीच गोष्ट दिसते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला जाऊन सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिम्पिक पदक; दुसरे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. खाशाबा हेलसिंकीला गेले ते वर्गणीवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून त्यांना सात हजार रुपये दिले. परत आल्यावर कराडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती कथा सर्वांना पाठ आहे. त्यानंतरची तितकी पाठ नाही. पदक जिंकून आलेला हा मल्ल पुन्हा मैदानात उतरला तो झालेले कर्ज फेडण्यासाठी.

त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. हेलसिंकीत एक दमछाक करणारी कुस्ती संपताच त्यांना रशियन मल्लाशी लढायला उभे केले गेले. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळायला हवी होती. पण तसे ठासून सांगायला आपला एकही अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. नियम पुस्तकात असतो, पण तो बोलून दाखवणारा माणूस शेजारी उभा लागतो. युनियनच्या तीस वर्षांत मी याहून वेगळे काही शिकलो नाही.

शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतून प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणले. आपल्या एका जिल्ह्याच्या दोन मल्लांची चार पदके! अशा माणसांसाठी पुढे सरकारी मानधन सुरू झाले, २०२३ साली ते वाढवण्याची घोषणाही झाली. चांगले झाले. पण मानधन किताब मिळालेल्यांना. जत्रेत पन्नास कुस्त्या होतात, त्यांतल्या अठ्ठेचाळीस जोड्यांतले मल्ल कधी कुठला किताब घेणार नाहीत. त्यांच्यावाचून जत्राही भरणार नाही.

आता अमेरिकेतल्या त्या गड्यांकडे वळू. पुतण्याने मला पुढे बरीच माहिती पाठवली. त्या खेळाडूंनी १९५६ साली आपली संघटना काढली. आणि १९८२ साली त्यांनी संप केला. हे साल वाचून मी चमकलो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. मी तेव्हा लहान होतो. आमचा एक चुलता गिरणीत होता. तो ट्रंक आणि वळकटी घेऊन गावी आला आणि पुन्हा कधी मुंबईला गेला नाही. त्याच साली २१ सप्टेंबरपासून ५७ दिवस अमेरिकेतले हे दांडगे गडी सामने सोडून घरी बसले होते. मालकांच्या एकूण उत्पन्नातला ५५ टक्के वाटा द्या, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. १९८७ साली पुन्हा संप केला, तर मालकांनी दुसरेच गडी आणून सामने चालवले. आमच्या गिरण्यांत ज्यांना 'बदली' म्हणत त्यांचाच हा गोरा अवतार! तोही संप फसला. संघटना मात्र टिकली. पुढे कोर्टाच्या वाटेने जाऊन १९९३ च्या करारात खेळाडूंनी करार संपल्यावर संघ बदलण्याचा हक्क मिळवला.

२००२ साली त्यांचा एक नामांकित खेळाडू, माइक वेब्स्टर, पन्नाशीतच वारला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला तेव्हा वर्षानुवर्षे डोके आपटल्याने झालेली इजा उघडकीस आली. पुढे २०११ च्या करारात संघटनेने हंगामातला पूर्ण गाद्या बांधून करावयाचा सराव चौदा वेळांपुरता मर्यादित करून घेतला आणि बिगर हंगामातला सराव चौदा आठवड्यांवरून नऊ आठवड्यांवर आणला. बिगर हंगामातल्या सरावालाही दिवसाप्रमाणे भत्ता मिळतो. म्हणजे सांगलीच्या साखर कामगाराचे रिटेन्शन आणि अमेरिकेतल्या फुटबॉलपटूचा हा भत्ता एकाच गोत्रातले. पुतण्याला मी हे फोनवर सांगितले तर तो म्हणाला, "नाना, त्यांचा वर्षाचा पगार कोटींत असतो." असेना. मला आकड्यात रस नाही, रकान्यात आहे.

आमच्या पारावर मात्र बिगर हंगामात वेगळीच भांडणे चालतात. माती खरी की गादी? जुनी माणसे म्हणतात, गादीने कुस्ती बिघडवली. सहा मिनिटांत काय कुस्ती होते? माझे मत विचाराल तर दोन्ही असाव्यात. पोराला मातीत वाढवावे आणि गादीवर पाठवावे, कारण ऑलिम्पिकला माती नाही. २०२५ साली अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत गादीवरच्या लढतीत खांदे टेकले की नाही यावरून मोठा गोंधळ झाला, पंचाला लाथ बसली आणि मल्लांवर बंदी आली. त्यावर आमच्या पारावर तीन महिने वाद झाला. लाथ मारणे वाईट, यात वाद नाही. पण निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची शांत, खात्रीची वाट मल्लाला दिसत असती तर पाय उचलला गेला असता का, असे मला वाटून गेले. ज्या कारखान्यात तक्रार ऐकायची व्यवस्था नसते तिथेच मुकादमाच्या अंगावर हात जातो, हा माझा अनुभव आहे. त्याच्या उलट, २०२३ च्या जानेवारीत दिल्लीच्या जंतरमंतरवर नामवंत कुस्तीगीर स्त्री-पुरुष एकत्र बसले ते मला विशेष वाटले. पैलवान एकट्याने लढायला शिकलेला असतो. एकत्र बसणे त्याच्या स्वभावातच नाही.

मुलींचा विषय निघालाच आहे तर सांगतो. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी मार्च २०२३ मध्ये आपल्या सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. तेव्हापासून आमच्या भागात तालमीत येणाऱ्या मुली वाढल्या. खुराकाचा हिशेब वर दिला आहे तोच त्यांनाही लागू. पण घरात म्हैस एक आणि पैलवान दोन, भाऊ आणि बहीण, असे असले की तांब्या आधी कोणाकडे जातो हे मी सांगायला नको.

मग करायचे काय? मालक सापडत नाही म्हणून मी बरीच वर्षे गप्प बसलो. अलीकडे सुचले की गाव मालक असेल तर गावाकडेच मागणी करावी. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या जत्रा कमिटीपुढे मी सूचना मांडली. वर्गणीच्या रुपयातले दहा पैसे जोडी ठरवायच्या आधी बाजूला काढावेत. त्यातून त्या दिवशी मातीत उतरणाऱ्या प्रत्येकाचा अपघाती विमा उतरवावा, आणि उरेल त्यातून पावसाळ्याचे चार महिने गावच्या तालमीला दूध द्यावे. पहिली हरकत अशी आली की, शेवटच्या कुस्तीचा आकडा कमी झाला तर शेजारचे गाव हसेल. ही हरकत खोटी नाही. जत्रेच्या पत्रकावर आकडा छापतात, दूध छापत नाहीत. दुसरी हरकत अशी की, दूध पोरांच्या पोटात जाईल की कोणाच्या चहात, याची खात्री काय? ही त्याहून खरी. एक वृद्ध सभासद म्हणाले, "आम्ही लढलो तेव्हा कोणी विमा उतरवला होता?" त्यांचे दोन्ही कान मोडलेले आहेत आणि मान एका बाजूला वळत नाही.

यंदा विमा उतरवला. नारळाच्या कुस्तीतल्या पोरांसकट सगळ्यांचा. एका मुलाचे मनगट दुखावले, त्याचे कागद मीच भरले. कुठलाही रकाना मोकळा राहिला नाही. दुधाचे अजून ठरलेले नाही. आषाढी झाल्यानंतरच्या सोमवारी मारुतीच्या देवळात पुन्हा बैठक आहे. वस्तादांनी तालमीतल्या एकवीस मुलांची आणि चार मुलींची यादी आणायचे कबूल केले आहे, आणि यंदा कोणाच्या घरची म्हैस आटली आहे तेही नावापुढे लिहून आणणार आहेत.